एकटीचं तिकीट

शहागड शिवार,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय सालेहा,

मोबाईल मी मुलाला, कल्याणला, परत देऊन टाकला आहे, तेव्हा यापुढे आपलं बोलणं पोस्टाने. पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहिताना जरा थांबले. तेहतीस वर्षं एका स्टाफरूममध्ये शेजारी बसलो, पण एकमेकींना पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती.

खोली तयार झाली. दहा बाय बारा, वर पत्रे, दार नदीकडे. वडिलांकडून वाट्याला आलेली ही दोन एकरं मी आजवर फक्त सातबाऱ्यावर पाहिली होती. आता रोज पाहते. सकाळी गोदावरीवर धुकं असतं, बगळे असतात आणि माणूस नसतो. महामार्ग दीड किलोमीटरवर आहे. वारा नदीकडून असला की ट्रक ऐकू येत नाहीत.

अकरावीला इंग्रजीचा तो धडा मी बावीस वर्षं शिकवला, तुला माहीत आहे. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत काही विचारवंत होऊन गेले. त्यांचं म्हणणं असं, की माणसाने गरजा कमी कराव्यात, निसर्गाजवळ राहावं, लोक काय म्हणतात त्यापेक्षा स्वतःच्या आतला आवाज ऐकावा आणि भिस्त स्वतःवर ठेवावी. त्यांच्यातला एक जण खरोखरच तळ्याकाठी झोपडीत जाऊन राहिला. यावर चार गुणांचा प्रश्न यायचा. मुलं पाठ करून लिहायची, मी चारपैकी चार द्यायचे. निवृत्त झाल्यावर पुण्याला कल्याणच्या फ्लॅटमध्ये सात महिने काढले, तेव्हा लक्षात आलं की तो प्रश्न मी स्वतः कधी सोडवलाच नाही.

सामान म्हणजे एक खाट, एक चूल, दोन पातेली, कंदील आणि शब्दकोश. सगळं मी एकटीच करते. पाणीही मीच आणते. शेजारच्या शेतातल्या गोजरबाई अधूनमधून भाकरी आणून देतात, पण ती मी मागत नाही.

तुझी
दैवशाला

मंठा,
२१ नोव्हेंबर

दैवशाला,

तुझं खत मिळालं. घरात सगळ्यांनी हातात घेऊन पाह्यलं, मंग माझ्याकडं आलं. थोरल्याला, हारुनला, वाटलं कोर्टाची नोटीस आहे.

'सगळं मी एकटीच करते' हे वाचलं. मंग भाकरीचं वाचलं. न मागता आलेली भाकर हिशेबात धरत न्हाईत, असं त्या अमेरिकेत असंल.

इकडं नऊ माणसं अन् एक बाथरूम. आतला आवाज ऐकायचा म्हणून कडी लावली की बाहेरून कुणीतरी दार वाजवतं. तरी बरं चाललंय. नात लायबा बारावीला आहे, तिचं हिंदी मी घेऊन राह्यले.

कल्याणचा फोन आल्ता. म्हणला, "मावशी, आईला काही झालं तर आधी मला कळवायचं." मी हो म्हणले. पोराचा आवाज रडवेला झाल्ता. लेकरू वाईट न्हाई तुझं.

एक इचारते. तू खरंच का गेलीस? तो धडा मीबी बावीस वर्षं ऐकलाय, भिंतीपलीकडं माझाच तास असायचा. त्या धड्यापायी कुणी घर सोडलेलं मी अजून पाह्यलं न्हाई.

तुझी
सालेहा

शहागड शिवार,
९ डिसेंबर

प्रिय सालेहा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी पहिल्याच पत्रात दिलं आहे.

हरभरा घोट्याच्या वर आला. पहाटे त्याच्या पानांवर आंब, म्हणजे आंबट दव, धरते. फडका फिरवून पिळला की वाटीभर निघते. रानडुकरं येतात. मी त्यांना हाकलत नाही, कारण निसर्गात ढवळाढवळ करायची नाही असं ठरवलं आहे. गोजरबाई हाकलतात.

या बाईंविषयी सांगायला हवं. वय पासष्टच्या आसपास. नवऱ्याने टाकलं तेव्हापासून चाळीस वर्षं त्या या शिवारात एकट्या राहतात. मी त्यांना तळ्याकाठच्या झोपडीबद्दल सविस्तर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्यो जेवायला कुणाकडं जायचा?" मी अजून या प्रश्नावर विचार करते आहे.

तू कल्याणला शब्द दिलास हे मला आवडलं नाही. जाताना तो मला बजावून गेला आहे, की एकदा जरी काही झालं तरी खोलीला कुलूप लावून मला पुण्याला नेणार. तो बोलतो तसं करतो. तेव्हा मलाही शब्द दे, की माझ्याबद्दलची कुठलीही गोष्ट त्याच्या कानावर घालणार नाहीस.

आणि तूच इकडे ये ना. जालन्यापर्यंत एक बस, जालन्याहून बीडची दुसरी, ती इथे फाट्यावर थांबते. बस्स.

दैवशाला

मंठा,
१७ डिसेंबर

दैवशाला,

दिला शब्द. आता माझ्याकडं दोन शब्द झाले, एकमेकांच्या उलटे. दोन्ही पाळीन.

येण्याचं म्हणशील तर, तुला ठाऊक नसल्यासारखं लिहितेस. मी आजवर बसमध्ये एकटी बसलेले न्हाई. आधी अब्बा न्यायचे, मंग आमचे मालक, लायबाचे दादा, न्यायचे, ते गेल्यावर हारुन. शाळा तर गल्लीच्या तोंडाला होती. जालन्याला ट्रेनिंगला गेलो तर तू माझा हात धरून चढवायचीस अन् तिकीटबी तूच काढायचीस. मी एकसष्टची झाले, पण कंडक्टरशी कसं बोलत्यात ते मला माहीत न्हाई. हारुनला रजा मिळाली की येईन. त्याची रजा म्हंजे ईदचा चांद, वर्षाला एकदा दिसती.

रानडुकरांना हाकलत जा.

सालेहा

शहागड शिवार,
६ जानेवारी २०२५

प्रिय सालेहा,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

सध्या मी एका जागी स्थिर राहण्याचा प्रयोग करते आहे. आपण उगाच फार हिंडतो. खाटेवर बसून दारातून जेवढी नदी दिसते तेवढी पुरेशी आहे, असं माझ्या लक्षात आलं आहे.

परवा सकाळी बांधावर सलग दोन तास उताणी पडून आकाश पाहिलं. असा अनुभव पूर्वी कधी आला नव्हता. दोन घारी होत्या. माणूस किती लहान आहे हे त्या वेळी चांगलं कळतं.

पाणी आणण्याचं काम मी गोजरबाईंना दिलं आहे. त्यांना ते आवडतं.

अक्षर वाकडं आलं असेल तर मांडीवर पाटी घेऊन लिहिते आहे म्हणून.

दैवशाला

मंठा,
१३ जानेवारी

दैवशाला,

दोन तास आकाश पाह्यलंस म्हंजे आता तू फार वर पोचलीस. आम्ही खाली आहोत. वरून दिसलो तर हात हलव.

लायबाची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आलीय, म्हणून एवढंच.

सालेहा

शहागड,
१९ जानेवारी

सालेहाबाईंना शेजारीण गोजरबाईचा रामराम.

मला लिहिता येत न्हाई. पोस्टातली शालू लिहून राह्यली. तिनंच तुमचा पत्ता सांगितला, टपाल तीच आणती.

मॅडमचा पाय मोडलाय. ह्या महिन्याच्या चार तारखेला. मोटारीचं पाणी दारापातूर येतंय, तरी हिरीवरून घागर आणायला गेल्त्या, का तर सोता आणायचं. बांधावरून घसरल्या. मी बाजाराला गेल्ते. आले तर ह्या बांधावर पडलेल्या, घसा बसलेला. मी टेम्पो थांबवला अन् अंबडला नेलं. पलस्तर घातलं.

मॅडमनी मला शपथ घातली का कुणाला सांगायचं न्हाई. म्या शपथ घेतली न्हाई, नुस्ती मान हलवली.

दगडाची जखम झाल्ती, ती पलस्तराच्या आत राह्यली. आता बोटं काळीनिळी झालीत अन् चार दिसापासून ताप आहे. वास येऊन राह्यला. पुन्हा अंबडला चला म्हणलं तर म्हणत्यात, डॉक्टर पोराला फोन लावील. मला म्हणत्यात, आपल्या शरीरावर भरोसा पाह्यजे. बाई, म्या बैलं पाळलीत. असा वास आल्यावर भरोसा ठेवत न्हाईत.

माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकत्याल म्हणून लिहिलं. जल्दी करा.

गोजरबाई

मंठा,
२० फेब्रुवारी

दैवशाला,

घरी येऊन सहा दिवस झाले. तुझा पाय कसा आहे? जखम रोज धुवायची, गोजरबाईंना आळस न्हाई, तुलाच आहे.

तीन आठवडे तुझ्याजवळ राह्यले, पण दोन गोष्टी तुला सांगितल्या न्हाईत. तोंडावर सांगायची हिंमत झाली न्हाई, म्हणून खतात लिहिते.

पहिली ही. मी तिथं आले तेव्हा म्हणले ना, हारुननं फाट्यावर सोडलं अन् तो घाईत परत गेला? हारुन आलाच न्हवता. गोजरबाईंचं पत्र आलं तेव्हा तो कंपनीच्या कामाला गुजरातेत होता, अजून पाच दिवस येणार न्हवता. धाकटा म्हणला, रविवारी नेतो. त्या दिवशी गुरुवार होता. मी पत्रातलं वासाचं तेवढं पुन्हा वाचलं. मंग पिशवी भरली, सुनेला म्हणले, शाळेच्या जुन्या मैत्रिणीकडं चालले. तिला वाटलं गल्लीतच. रात्री अंबडहून फोन करून घरी खरं सांगितलं.

मंठ्याच्या स्टँडवर मी दोन बसा सोडल्या. भरलेल्या न्हवत्या. माझं पाऊलच उचलंना. तिसरीला एक म्हातारी माझ्यामागून रेटा देऊन चढली, तिच्या रेट्यानं मीबी वर गेले. कंडक्टर आला, म्हणला, "कुठं?" मी म्हणले, "मैत्रिणीचा पाय मोडलाय." तो म्हणला, "ते गाव कुठं आलं?" मंग जालना म्हणले. पैसे हातात असे दाबून धरले होते का नोट ओली झाल्ती.

जालन्याला बीडची बस कुठली ते चार जणांना इचारलं, कारण पहिल्या तिघांवर भरोसा बसला न्हाई. चौघांनीबी एकच सांगितलं. अंबड गेलं, वडीगोद्री आली. तिथून पुढं मी दर पाच मिनिटाला कंडक्टरला इचारून राह्यले, शहागड आलं का. शेवटी तो स्वतः उठून माझ्याजवळ येऊन उभा राह्यला. उतरले अन् रस्त्याच्या कडंला एका हॉटेलच्या बाकावर बसले. चहा मागवला. आयुष्यात पहिल्यांदा मी हॉटेलात एकटी बसून चहा प्याले. चांगला न्हवता.

मंग तुझ्या खोलीवर आले. पुढचं तुला माहीत आहे. तू म्हणलीस, "मी कुठेही जाणार नाही." गोजरबाईंनी काख धरली, मी दुसरी धरली. बसमधून इथवर आल्यावर मला तुझी भीती राह्यली न्हवती.

डॉक्टरनं पलस्तर कापलं अन् मला बाहेर बोलावून म्हणला, "अजून दोन दिवस गेले असते तर पाऊल काढावं लागलं असतं." कागदावर सही कोण करतं इचारलं. मी केली. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं कळंना, तर 'सहशिक्षिका' लिहिलं.

दुसरी गोष्ट. तुझा शब्द मी मोडला. तिथं होते तवर पाळला. निघताना जालन्याच्या स्टँडवरून कल्याणला फोन केला अन् सगळं सांगितलं, काळ्या बोटांसकट. त्याला दिलेला शब्दबी मोडलाच, आधी कळवायचं होतं, मी शेवटी कळवलं. तो पोचला असंल, किंवा पोचंल.

तुला राग येईल. येऊ दे. तुझं पाऊल राह्यलं, तेवढं मला पुरं.

सालेहा

शहागड शिवार,
८ मार्च

सालेहा,

राग आला. चार दिवस तुझं पत्र उलटं ठेवलं होतं. रोज गोजरबाई जखम धुताना विचारायच्या, "लिहिलं का त्यांला?" मी म्हणायचे, नाही. त्या पट्टी जरा आवळून बांधायच्या.

कल्याण तुझ्या पत्राच्या आधीच येऊन गेला. गाडी बांधापाशी लावून तो खोलीत आला. माझ्याकडे न बघता सामान बांधू लागला. सामान किती आहे ते तुला माहीत आहे, पाच मिनिटांत संपलं. मग त्याला करायला काही उरलं नाही, तेव्हा खाली बसला आणि म्हणाला, "आई, मी काय केलं होतं?"

मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं तयार होती.

तू नोव्हेंबरात विचारलं होतंस, खरंच का गेलीस. तेव्हा मी टाळलं. त्याला सांगितलं ते तुलाही सांगते. त्याच्या घरी मला काहीच कमी नव्हतं. कप उचलला तर सून, अर्पिता, हातातून घ्यायची, "आई, तुम्ही बसा." भाजी आणायला निघाले तर भाजी मोबाईलवर यायची. सात महिने मी बसले. एके दिवशी सोसायटीच्या फाटकावर नवा पहारेकरी होता. त्याने वहीत नाव लिहायला लावलं आणि पुढच्या रकान्यात, 'भेटीचं कारण'. मी पेन हातात धरून बराच वेळ उभी होते. मला कारण सुचलं नाही. त्याच संध्याकाळी मी शहागडचं ठरवलं. धडा नंतर आठवला. सांगायला बरा होता.

कल्याण म्हणाला, "हे तू तिथेच का नाही बोललीस?" तेही खरंच आहे. तेहतीस वर्षं वर्गात बोलले, घरात तेवढं जमलं नाही.

मग त्याने विचारलं, "इथे आल्यावर तो आतला आवाज ऐकू आला का?" चेष्टेने नाही, खरंच विचारलं. मी खोटं बोलले नाही. त्या दिवशी दोन तास मी आकाश पाहत नव्हते. मी गोजरबाईंना हाका मारत होते. आधी 'गोजरबाई' म्हणून, मग 'कुणी आहे का' म्हणून, शेवटी नुसतंच. आतून कुठलाही आवाज आला नाही. ट्रकचे येत होते.

तो उठून सामान सोडायला लागला. चुकीच्या जागी ठेवलं. तो रात्री राहिला. सकाळी गोजरबाईंनी त्याला घागर घेऊन विहिरीवर पिटाळलं आणि तो आणताना दोनदा सांडून आला. निघताना म्हणाला, "मी महिन्याला येणार. कारण विचारू नकोस." मी नाही विचारलं.

तर मी इथेच राहते आहे. निसर्गासाठी म्हण, किंवा इथे मला कुणी बसा म्हणत नाही म्हणून म्हण. फोन परत घेतला. तो गोजरबाईंच्या कोनाड्यात असतो, गरज पडली तर त्या वाजवतील. संध्याकाळचा स्वयंपाक दोघींचा मी करते. त्यांच्या मते माझी आमटी पातळ असते. त्या तसं रोज सांगतात आणि रोज जेवायला येतात. आमच्या शिवारात मीच एकटी स्वावलंबी आहे असं मला वाटत होतं, पण इथे चाळीस वर्षांपासून एक बाई राहत होत्या आणि मी त्यांनाच धडा समजावून सांगत होते.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. तेहतीस वर्षं तुझं तिकीट मी काढलं. मला वाटायचं मी तुला मदत करते आहे. तुला कधी तरी विचारायला हवं होतं.

रोजे चालू असतील. जिवाला जपून कर.

दैवशाला

नांदेड,
१३ एप्रिल

दैवशाला,

पत्ता पाहून चमकलीस ना? मी माझ्या थोरल्या बहिणीकडं आलेय, शहाजादीकडं. तिचं नाव मी तुझ्यापुढं फार काढलं न्हाई, कारण काढलं का डोळ्यात पाणी यायचं. अकरा वर्षं झाली, आम्ही भेटलो न्हवतो. भांडण न्हाई, काही न्हाई. ती तिकडं, मी इकडं, अन् न्यायला कुणाला सवड न्हाई. फोनवर बोलायचो, पण तिला आता कमी ऐकू येतं. दोघी नुसत्या हॅलो हॅलो करायचो अन् ठेवायचो.

ईद झाली. जेवताना मी हारुनला म्हणले, "परवा मी नांदेडला जाणार."

तो म्हणला, "अम्मी, पुढच्या महिन्यात रजा काढतो, मंग जाऊ."

मी म्हणले, "बेटा, मी सांगून राह्यले, इचारून न्हाई राह्यले."

सगळ्यांचे घास हातात राह्यले. दोन्ही सुना खाली पाहून राह्यल्या, पण लायबा हसून राह्यली, ते मला दिसलं. हारुन दोन दिवस बोलला न्हाई. जायच्या दिवशी सकाळी गाडीवर बसवून स्टँडवर घेऊन आला. कंडक्टरला म्हणला, "अम्मीकडं लक्ष ठेवा." कंडक्टर हो म्हणला अन् विसरला. बस सुटंपर्यंत हारुन खाली उन्हात उभा होता. मला वाटलं, ह्या पोराला कुणीतरी घरी सोडायला पाह्यजे.

जिंतूरला बस बदलली. ह्या वेळी एकालाच इचारलं. त्यानं चुकीचं सांगितलं. पण मी पाटी वाचली अन् दुसऱ्या बसमध्ये बसले. परभणीला केळी घेतली. खिडकीची जागा होती.

शहाजादीचं घर हुडकायला अर्धा तास लागला, गल्ली पार बदललीय. दार तिनंच उघडलं. एवढीशी झालीय, पाठीत वाकलीय. माझ्याकडं पाह्यलं, मंग माझ्या खांद्यावरून मागं पाह्यलं, मंग बाहेर येऊन गल्लीत दोन्हीकडं पाह्यलं.

"कौन लाया तेरेकू?"

मी तिच्या कानाशी जाऊन जोरात म्हणले, "कोई नई. मैं आई."

ती रडंल असं वाटलं होतं, म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. ती रडली न्हाई. माझ्या हातातली पिशवी घेतली, आत नेऊन ठेवली. मला पाणी दिलं. मी पिऊन होईस्तोवर समोर उभी राहून माझ्याकडं पाहत राह्यली, जसं मी काही वेगळंच खाऊन आलेय. मंग आत गेली. मला वाटलं चहा टाकती. ती बुरखा घालून अन् चप्पल पायात सरकवून बाहेर आली.

मी म्हणले, "कहाँ चली?"

म्हणली, "तू चल. कहाँ, वो बाहर जाके देखेंगे."

सालेहा